डाव्या सीटखालचा बोल्ट

“गाणं कसंही वाजू दे, मुश्ताकभाई. बाईमाणसाचा आवाज तेवढा स्वच्छ आला पाहिजे. शब्द न शब्द कळला पाहिजे,” आरवाडे सर म्हणाले आणि गाडीची किल्ली काउंटरवर ठेवून तिच्यावर तळहात दाबून उभे राहिले.

मी मनात म्हटलं, आलं बाबा एकदाचं शहाणं गिऱ्हाईक. नाहीतर आमच्याकडं यायचे ते सगळे ऊसवाल्यांचे चिरंजीव. भाई, काच थरथरली पाहिजे, म्हशी बिथरल्या पाहिजेत, असली फर्माईश. शब्द कळायला पाहिजेत असं म्हणणारा माणूस मला सात वर्षांत पहिल्यांदा भेटत होता.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीच्या तोंडाला माझं दुकान होतं. गाडीबरोबर कंपनीकडून आलेली टेपची मशीन काढायची, तिथं बाहेरची चांगली मशीन, अँप्लिफायर, मोठे स्पीकर बसवायचे, हा धंदा. गल्लीत आत सगळी सतारी-तंबोरे करणाऱ्यांची घरं, त्यातलंच एक आमचं. आमचे अब्बा तंबोऱ्याची जवारी काढण्यात नावाजलेले. जवारी म्हणजे तारेखालची घोडी अशी हलक्या हातानं घासायची, की तार नुसती वाजायची थांबून बोलायला लागते. पुण्या-धारवाडचे गवई तंबोरा मांडीवर घेऊन त्यांच्यापुढं तासन्‌तास बसायचे. आणि त्यांचा एकुलता एक मुलगा मी, गाड्यांत ‘डबे’ बसवायचो. डबे हा अब्बांचा शब्द. घरात ते आमच्या दखनीत बोलायचे, मी आपलं मराठीत सांगतो.

“किती मोठी बसवू?” मी सरांना विचारलं.

“असेल त्यात सगळ्यात मोठी. सांगलीत दोघांनी बसवून बघितली, पण कळण्याइतकं काही आलं नाही. मग जुनीच परत लावून घेतली.”

“सांगलीचं सोडा हो सर. मिरजेला आलाय तुम्ही. उद्या दुपारी या, समोर बसून बोलल्यासारखं ऐकवतो.”

हे ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडं असं काही बघितलं, की मला उगीचच लाजल्यासारखं झालं. वाळकुडा माणूस, साठीला टेकलेला, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. जयसिंगपूरला हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. किल्ली त्यांनी दिली, दारापर्यंत गेले आणि परत आले.

“डाव्या सीटवर कुणाला बसू देऊ नका.”

“कव्हर नवीन आहे का?”

“नाही,” ते म्हणाले आणि एसटी पकडायला गेले.

गाडी साधी, पांढरी, चार वर्षांची. मी डॅशबोर्ड उघडला. जुनी मशीन काढायच्या आधी एकदा वाजवून बघायची आमची रीत, नाहीतर नंतर गिऱ्हाईक म्हणतं, तुम्हीच बिघडवली. बटण दाबलं. आत कॅसेट नव्हती. तरी दारांतून एक बारीक आवाज यायला लागला. लांबलचक, एकसारखा. इंजिनाची घरघर वायरीतून स्पीकरमध्ये उतरली की असं होतं. आम्ही त्याला हमिंग म्हणतो, आणि हमिंग ठेवून गाडी परत देणं म्हणजे आमच्या धंद्यात नाक कापून घेणं.

पण इंजिन तर बंद होतं. किल्ली मी अर्धीच फिरवली होती.

असेल काहीतरी म्हटलं आणि मशीन बाहेर ओढून मागचा वायरींचा जोड उपटला. आता करंटच नाही म्हटल्यावर आवाज पटकन तुटायला हवा. तो तुटला नाही. मी जोड हातात धरून उभा, आणि आवाज आपला चालू. मग हळूहळू बारीक होत गेला, रस्त्यानं कुणी गात लांब जावं तसा, आणि विरला.

“आयला!” मी एकटाच मोठ्यानं बोललो. मग कुठंतरी करंट साठला असणार असं स्वतःलाच पटवलं आणि कामाला लागलो.

संध्याकाळी पाचच्या सुमारास सगळं बसलं. पुढं नवी मशीन, दारांत नवे स्पीकर, डिकीत अँप्लिफायर. चालू केलं, आणि तोच आवाज, आता दहापट मोठा. गाडी नुसती भरून गेली त्यानं. तेवढ्यात दुपारनंतरची अस्रची नमाज आटोपून अब्बा चहाचा ग्लास घेऊन माझ्याकडं आले. एरवी दुकानाच्या पायरीवर चहा ठेवायचे आणि डब्याकडं न बघता जायचे. त्या दिवशी थांबले.

“हे काय लावलंस?”

“लावलं कुठं? हमिंग आहे. काढतो.”

त्यांनी ग्लास बॉनेटवर ठेवला आणि खिडकीतून मान आत घातली. “इंजिन चालू कर. आता पाय दे जोरात.”

मी दिला. इंजिन बोंबलायला लागलं, पण तो आवाज तसूभरसुद्धा हलला नाही.

“काळी चार,” अब्बा म्हणाले. “पेटीवर दाबून धरावी तशी.”

“अब्बा, बिघाडाला कसली आलीय काळी चार आणि पांढरी पाच!”

“गप. बंद कर इंजिन. ऐक.” त्यांनी माझं मनगट धरलं. थोडा वेळ गेला आणि त्यांनी ते दाबलं. “तुटला. लागला परत.” पुन्हा थोडा वेळ, पुन्हा मनगट दाबलं. तिसऱ्या खेपेला मला ऐकू आलं. आवाज क्षणभर थांबायचा, हवा आत ओढल्यासारखं काहीतरी बारीक व्हायचं आणि मग तो परत सुरू व्हायचा.

“तुझी वायर मधेच श्वास घेती काय रे?” अब्बांनी विचारलं.

खोटं कशाला बोलू, लख्ख उजेडाची वेळ, समोर भाजीवाली ओरडतेय, रिक्षा जातायत, आणि मी त्या गाडीच्या दाराला हात लावायला भीत होतो. पण तीस वर्षांचा होतो हो मी, आणि बापापुढं माझ्या विद्येची लाज राखायची होती.

“लूज कनेक्शन आहे,” मी म्हणालो.

“त्याला हात लावू नको. गाडीवाल्याला विचार आधी,” अब्बा म्हणाले आणि चहा तिथंच विसरून निघून गेले.

मी विचारलं नाही. चूक झाली ती इथं. आवाज काढ असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. पण आमच्यातला कुठलाही फिटर घ्या, हमिंग ऐकलं की त्याचे हात शिवशिवतात. गिऱ्हाईक न मागता ते काढून द्यायचं आणि वर ‘काही नाही सर, बारीक काम होतं’ म्हणायचं, यात केवढी शान वाटते ते फिटरलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या आवाजाची पाठ धरली. फिल्टर लावला, वायरी बदलल्या, आवाज ढिम्म. शेवटी डाव्या सीटचे नट काढले, सीट बाहेर ठेवली, गालिचा उचलला. खाली कंपनीनं पत्र्याला एक बोल्ट मारला होता, आणि मशीनची अर्थिंगची, म्हणजे करंट पत्र्यात उतरवणारी वायर तिथं बांधली होती. अर्थिंगची वायर नीट नसली की हमिंग येतं, हे आमचं पहिलं पुस्तक. मी तिथंच, सीटच्या जागी, मांडी घालून बसलो आणि पाना लावला.

पहिला वेढा सुटला तसा आवाज बदलला. वाढला नाही, जवळ आला. स्पीकर दारांत, आणि आवाज माझ्या कानाशी. मानेवर मला गार लागलं. मी पान्याला एक जोराचा हिसका दिला, वायर सुटली, आणि आवाज मधेच बंद पडला. बोलणाऱ्याच्या तोंडावर कुणी हात दाबावा तसा बंद.

मी ती वायर मागं नेली, डिकीत पत्रा घासून नव्या बोल्टला बांधली. मशीन पूर्ण आवाजात लावून बघितली. चिडीचूप. एवढा खूश झालो, की त्या पान्याचा मुका घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

साडेबाराला सर आले. हातात पिशवी, तिच्यात मोगऱ्याचा गजरा. तो त्यांनी परत बसवलेल्या डाव्या सीटवर ठेवला आणि स्वतः स्टिअरिंगशी बसून मशीन चालू केली. मी सीडी पुढं केली, ती त्यांनी हातानंच बाजूला सारली. आवाज वाढवला. आणखी वाढवला. मशीनवरचे आवाजाची पातळी दाखवणारे हिरवे दिवे पार टोकाला गेले, आणि गाडीत काहीसुद्धा नाही.

“मुश्ताकभाई, चालू आहे ना ही?”

“आहे की! बघा कशी गप आहे. तुमच्या गाडीत जुनं हमिंग होतं सर, सांगलीवाल्यांना ते दिसलंच नाही. मी मुळापासून काढून टाकलं. काही नाही, बारीक काम होतं.”

त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “कुठं गेली?”

“कोण?”

“कुठं घालवलीस तिला?” एवढा सभ्य माणूस, दारातून उतरला आणि दोन्ही हातांनी माझी कॉलर धरली. “दोन वर्षं मी त्या आवाजावर जगतोय. परत आण! आत्ताच्या आत्ता परत आण!”

गलका ऐकून अब्बा गल्लीतून पळत आले. माझी कॉलर सोडवायच्या ऐवजी त्यांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला. “बसा गुरुजी. पाणी प्या,” ते म्हणाले. “कोण होत्या त्या?”

सर पायरीवर बसले. पाणी हातातच राहिलं.

“मालन. माझी बायको,” ते म्हणाले. “पंचेचाळिसाव्या वर्षी गाणं शिकायचं खूळ घेतलं तिनं. इथं मिरजेतच, एका गुरुजींकडं, दर रविवारी. त्यांनी सांगितलं, वर्षभर नुसता ‘सा’ धरायचा, दुसरं काही नाही. घरात तिला गाता यायचं नाही. आई हसायची, शेजारी हसायचे. मग ती गाडीत धरायची. जयसिंगपूर ते मिरज, सगळा रस्ता, एकच सूर. दीड वर्ष हो! माझं डोकं उठायचं. सूर लागत नव्हताच तिचा. मी टेप लावायचो. ती गायला लागली की मी आवाज वाढवायचो.”

अब्बा त्यांच्याशेजारी पायरीवर टेकले.

“त्या रविवारी पण वाढवला. अंकलीच्या पुलाच्या अलीकडं ती काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. परत बोलली, आणि माझ्या हाताला हात लावला. मी तो झटकला. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पूल ओलांडला तशी ती गप्प झाली. मला वाटलं, रुसली. बरं झालं म्हटलं, आणि आवाज आणखी वाढवला.” त्यांनी डोळे मिटले. “गुरुजींच्या दारात गाडी लावली, तर उतरेना. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलंय, पुलाच्या आसपासच गेल्या असतील. अहो, हे दवाखान्यांचं गाव! पुलापासून दहा मिनिटांवर! ती म्हणाली असणार, छातीत दुखतंय, दवाखान्यात न्या. दोनदा म्हणाली असणार. मला ते एकदा ऐकायचंय. तिनं शिव्या दिल्या असल्या तरी चालेल. काय म्हणाली ते कळल्याशिवाय मला मरतासुद्धा यायचं नाही.”

ती गेल्यावर महिन्याभरात तो आवाज गाडीत यायला लागला होता. त्यात कुठंतरी तिचं बोलणं असणार, मशीन मोठी घेतली की ते कळणार, असा गणिताच्या मास्तरचा हिशेब. म्हणून ते दुकानं पालथी घालत होते. आणि मी हुशारीनं तिचं तोंड बंद करून ठेवलं होतं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. गाडीत शिरलो, सीट काढली आणि ती वायर परत त्याच जुन्या बोल्टला आवळली. घाईत पाना दोनदा सटकला. सीट बसवली, गजरा जागेवर ठेवला. सर स्टिअरिंगशी बसले, मशीन चालू केली.

काही नाही.

“थोडं थांबा,” अब्बा म्हणाले.

पाच मिनिटं गेली असतील. मग अगदी लांबून तो आला. पण क्षीण, दबलेला, कापडाआडून यावा असा. सरांनी आवाज पार टोकाला नेला, तरी तो तसाच.

“बसलाय आवाज,” अब्बा म्हणाले. “आत कुठं कमी-जास्त करता येतं?”

डिकीतल्या अँप्लिफायरच्या पोटाला एक बारका स्क्रू असतो, तो मी दाखवला. जन्मात कधी माझ्या डब्याला बोट न लावलेल्या माझ्या बापानं स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, डिकीत वाकला, डोळे मिटले आणि केसभर फिरवला. थांबला. पुन्हा केसभर मागं. तंबोऱ्याच्या घोडीवर काम करताना त्यांचा चेहरा असाच व्हायचा, ओठ आत ओढलेले. सूर पसरायला लागला. त्याला कडा आल्या. आतून आणखी काहीतरी वर येत होतं, आणि मी सरांच्या दाराशी उभा राहून मनातल्या मनात कलमा म्हणत होतो.

“अहो,” गाडी म्हणाली.

रोजच्यासारखा, घरातल्या बाईचा आवाज. दुखण्याखुपण्याचा नाही. सरांनी स्टिअरिंग गच्च धरलं.

“अहो, आवाज जरा कमी करा ना.”

मागं सूर चालूच होता. मग परत, हसू दाबल्यासारखं, “लागला बघा माझा सा. ऐका तरी!”

अब्बांचा हात स्क्रूवरच राहिला. दवाखाना नाही, छाती नाही, शिवी नाही. दीड वर्षांनी सूर लागला होता तिचा, आणि तो तिला नवऱ्याला ऐकवायचा होता.

“अहो, आवाज जरा कमी करा ना,” ती पुन्हा म्हणाली.

सरांचा हात मशीनकडं गेला. मी म्हटलं, “सर, नको! जाईल ती. मशीन आहे म्हणून ऐकू येतंय.”

“तिनं सांगितलंय,” सर म्हणाले.

त्यांनी आवाज कमी केला. हिरवे दिवे एकेक करत उतरले. अर्धा, पाव, शून्य. मग त्यांनी बटण दाबून मशीनच बंद केली, आणि दिवा विझला.

स्पीकर मुके झाले. सूर राहिला.

तो आता दारांतून येत नव्हता. डाव्या सीटवरून येत होता, गजऱ्याच्या जरा वर, माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवरून. मोठा नाही, लहान नाही. तिथं कुणी नव्हतं, हे मी या डोळ्यांनी बघत होतो, आणि तिथून एक बाई गात होती. अब्बा डिकीमागून पुढं आले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, मोठ्या गवयासमोर करायचे तशी.

सर सीटवर पूर्ण वळून बसले, तिच्याकडं तोंड करून. एक श्वास पुरेल तेवढा वेळ तो सूर चालला, कुठंही न हलता, आणि संपला.

“लागला, मालन,” सर त्या सीटला म्हणाले. “छान लागला गं.”

अब्बांनी माझा दंड धरला. आम्ही दोघं दुकानात आलो आणि शटर अर्धं खाली ओढून घेतलं.